इगतपुरीला झड, नाशिकला नुसतं आभाळ: डोंगर नेमकं करतो काय?

पावशा

जुलै उजाडला की हवामान खात्याच्या इशाऱ्यात आपल्या जिल्ह्याचे दोन तुकडे होतात. घाटमाथ्याला ऑरेंज नाहीतर रेड, उरलेल्या जिल्ह्याला हलका ते मध्यम. मग कॉलेज रोडवर कोरड्या रस्त्यावर उभं राहून मंडळी विचारतात, कुठंय तुमचा रेड अलर्ट? आणि त्याच दिवशी गंगापूर धरणाचा विसर्ग वाढलेला असतो, रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं असतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून दरवर्षी तेच भांडण होतं, म्हणून एकदाचा धागा काढतोय.

आधी आकडे. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून ४५ किलोमीटरवर नाशिक शहर, इथे ७०० च्या आसपास. सिन्नर, येवला आणखी खाली, ५०० च्या घरात. एका जिल्ह्यात, एकाच मोसमी वाऱ्याखाली, सहापट फरक.

शाळेत डोक्यात बसलेलं चित्र असं की समुद्रावरून काळे ढग येतात, सह्याद्रीला धडकतात आणि रिकामे होतात. घाटात जे घडतं ते याहून वेगळं आहे. समुद्रावरून येते ती मुख्यतः ओली हवा, आणि वाफ डोळ्यांना दिसत नाही. घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसाचे ढग बऱ्याच अंशी घाटाच्या चढावरच जन्माला येतात.

जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून जो वारा येतो तो जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर सगळ्यात जोरात असतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला घासून तो इकडे वळतो, म्हणून त्याला सोमाली जेट म्हणतात. हा वारा उत्तर कोकणातून येतो आणि समोर सह्याद्री. कसारा साधारण ३०० मीटरवर, इगतपुरी ६०० वर, आणि आजूबाजूचे डोंगर हजार-बाराशेच्या पुढे. कळसूबाई तर १,६४६. वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नाही. वर गेलेल्या हवेवरचा दाब कमी होतो, ती फुगते, फुगली की थंड होते. कोरडी हवा किलोमीटरला साधारण १० अंशांनी थंड होते. ढग बनायला लागला की हा वेग जवळपास निम्म्यावर येतो, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते.

आता हिशेब बघा. २६ अंशांची हवा पूर्ण ओली असेल तर एका घनमीटरमध्ये साधारण २४ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा २१ अंशांवर आली की १८ ग्रॅम. मधले सहा ग्रॅम पाणी झाले. सहा ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा, काहीच नाही. पण वारा ताशी ५० किलोमीटरने वाहतोय, दिवस-रात्र वाहतोय, आणि प्रत्येक घनमीटर येताना नवी वाफ घेऊन येतोय.

त्यात ती बाहेर पडलेली उष्णता. तिच्यामुळे ढगातली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा हलकी होते आणि डोंगर संपला तरी वर जात राहते. डोंगर फक्त पहिला धक्का देतो. म्हणूनच नुसती उंची बघून पाऊस सांगता येत नाही. कर्नाटकातलं आगुंबे आणि आपलं आंबोली ७०० मीटरच्या आतच आहेत, महाबळेश्वरच्या निम्मे. पाऊस मात्र दोन्हीकडे ७,००० मिलिमीटरच्या वर, महाबळेश्वरपेक्षा जास्त. वाफेचा मोठा साठा हवेच्या खालच्या दोन-तीन किलोमीटरांतच असतो. तेवढी हवा उचलली गेली की काम झालं.

तुम्हा लोकांचे अनुभव टाका. विशेषतः घाटाकडचे.

घोटीकर

भारी लिवलंय. एक सांगतो, आमच्याकडं आवणीच्या (भात लावायच्या) दिवसात आठ-आठ दिवस झड लागती. इरलं डोक्यावरून निघत नाही, धुक्यात बांधावरचा माणूस दिसत नाही. पण त्या झडीत वीज कडाडलेली आठवत नाही कधी. इजा चमकणार त्या मृगाच्या आधी नाहीतर परतीच्या पावसात. पाऊस एवढा आणि गडगडाट नाही, हे कसं काय?

पावशा

घोटीकर दादा, एकदम मर्मावर बोट ठेवलंत. विजेसाठी ढग उंच लागतो. वर बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत गेलेला, आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासताहेत असा. मे महिन्यातला वळवाचा ढग तसा असतो. जुलैतला घाटावरचा ढग बहुतेक वेळा त्यामानाने बुटका असतो. त्यातला बराच पाऊस बर्फ न होता, थेंबाला थेंब चिकटून तयार होतो. उपग्रहावरच्या रडारने उष्ण कटिबंधातला पाऊस वर्षानुवर्षं मोजला, त्यातही पश्चिम घाटाचा हाच स्वभाव दिसला: ढग बुटके, पाऊस प्रचंड.

आणखी एक गंमत. डोंगराला चिकटलेलं जे धुकं तुम्हाला शिवारात दिसतं, ते स्वतः फारसा पाऊस पाडत नाही. त्यातले थेंब फार बारीक असतात. पण वरच्या ढगातून पडणारा मोठा थेंब या धुक्यातून खाली येताना ते बारीक थेंब गोळा करत येतो आणि जमिनीवर पोचेपर्यंत जाडजूड होतो. वरचा ढग कोकणातही तोच असतो, पण तिथे खाली हे धुकं नसतं.

शंकासुर

वाचायला छान. पण मग चांदवडचं काय? सातमाळा काय टेकाड आहे? धोडप १,४०० मीटरच्या वर, शेजारी मार्कंड्या, सप्तशृंगी, सगळी रांग ताठ उभी. आणि तिच्या पायथ्याला चांदवड, दुष्काळी तालुका. चढ आहे, वारा आहे, वाफही थोडीफार असेलच. तुमचं सूत्र तिथे का झोपतं?

मृगधारा

शंकासुर, उत्तर नकाशात आहे. सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण, मोसमी वारा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून. म्हणजे वारा जवळपास काटकोनात येऊन चढतो. सातमाळा मात्र मुख्य रांगेतून फुटून पूर्वेला अजिंठ्याकडे जाते. पश्चिमेचा वारा तिला आडवा जात नाही, तिच्या कडेने वाहतो. चढायची वेळच येत नाही. राजस्थानात अरवलीचं तेच झालंय, अरबी समुद्रावरचा वारा तिला समांतर निघून जातो.

आणि दुसरं, तुम्ही ‘वाफही थोडीफार असेल’ म्हणताय, पण चांदवडला पोचेपर्यंत त्या हवेने सुरगाणा-पेठच्या डोंगरात बरंच पाणी टाकलेलं असतं. सातमाळेचं पश्चिम टोक बघा, कळवण-दिंडोरीच्या वरचा भाग, तिथे पाऊस चांदवडपेक्षा चांगला असतो.

वाऱ्याचा जोर हा तिसरा मुद्दा धाग्यात आला पाहिजे. हवा जड असते, तिला वर ढकलायला जोर लागतो. वारा जोरकस असला तर तो सरळ डोंगर ओलांडतो आणि पाऊस कड्यावर आणि माथ्यावर पडतो. वारा मंदावला की हवा डोंगराच्या अलीकडेच तुंबते, खिंडी शोधत बाजूने जाते, आणि वर चढणं अलीकडेच सुरू होतं. तेव्हा शहापूर, कसारा, कधी थेट किनारपट्टी झोडपली जाते आणि इगतपुरी त्यामानाने सुटते. पश्चिम घाटाचा पाऊस माथ्यावर सुरू होत नाही, किनाऱ्याच्या आधी समुद्रावरच सुरू झालेला असतो. डोंगराची चाहूल हवेला तिथपासून लागते.

रेल्वेकाका

आमची अर्धी नोकरी याच सेक्शनला गेली, म्हणून लिहितो. कसारा ते इगतपुरी चढ १ ला ३७, गाडी मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावल्याशिवाय चढायची नाही. पावसाळ्यात या चढाचं आणि पावसाचं नातं डब्यातून बघायला मिळतं. कसाऱ्याला फलाटावर पाऊस असतोच, पण समोरची दरी दिसते. दोन बोगदे झाले की दरी गेली, पांढरं. खिडकीच्या काचेवरून पाणी उभं न वाहता आडवं वाहायला लागतं, कारण वारा दरीतून वर येत असतो. इगतपुरीला सिग्नल जवळ येईपर्यंत दिसायचा नाही. घोटीला तोच पाऊस जरा शहाणा झालेला असतो. पाडळी, अस्वलीला रिपरिप. लहवितला फलाट ओला, पण पाऊस थांबलेला. देवळालीला चहावाला छत्री मिटून बसलेला. एका पॅसेंजरमध्ये अख्खं पर्जन्यमान. नाशिक रोडला उतरणाऱ्याच्या हातातली ओली छत्री बघून लोक विचारायचे, मुंबईला पाऊस आहे का? मुंबईचं माहीत नाही बाबा, इगतपुरीला आहे!

माझा प्रश्न असा की पाऊस जर चढावर तयार होतो, तर तो चढावरच पडायला हवा. कसाऱ्याच्या दरीत. इगतपुरी-घोटी तर माथा ओलांडून पलीकडे आहेत. त्यांना एवढा का?

पावशा

काका, तुमच्या वर्णनाला साष्टांग. आणि प्रश्न तर फारच चांगला.

थेंब तयार झाला तिथेच सरळ खाली पडत नाही. समजा तीन किलोमीटर उंचीवर थेंब पडायला लागला. मध्यम थेंब सेकंदाला सहा मीटरच्या आसपास वेगाने पडतो. म्हणजे जमिनीवर यायला ५०० सेकंद, आठ मिनिटांच्या वर. तेवढ्या वेळात सेकंदाला १५ मीटरचा वारा त्याला साडेसात किलोमीटर पूर्वेला घेऊन जातो. त्यात आधी बारीक थेंबाचा मोठा थेंब होण्यात गेलेला वेळ मिळवा, की दहा-पंधरा किलोमीटर सहज होतात. कसाऱ्याच्या दरीवर तयार झालेलं पाणी इगतपुरी, घोटी, भावलीवर पडतं ते असं. त्र्यंबकचंही तेच.

पण ही वाहून नेण्याची मर्यादाही तेवढीच आहे. दहा-पंधरा किलोमीटरांनंतर वरून येणारे थेंब संपतात, आणि हवा चढायची थांबलेली असते. तुमची अस्वली, लहवित नेमकी तिथे येतात.

पर्जन्यछायेबद्दलही थोडं. पुस्तकात डोंगराची दुसरी बाजू उताराची दाखवतात: हवा खाली उतरते, दाबली जाते, सायकलला हवा भरताना पंप तापतो तशी तापते आणि ढग विरतात. आपल्याकडे हे अर्धंच लागू पडतं. सह्याद्रीला पश्चिमेला कडा आहे, पण पूर्वेला कोकणाएवढा खोल उतार नाही, सहाशे मीटरच्या आसपासचं पठार आहे. इगतपुरी आणि नाशिक यांच्या उंचीत फारसा फरक नाही. हवा उतरते ती फक्त शिखरांच्या उंचीवरून पठारापर्यंत. त्यामुळे नाशकात जुलैभर आभाळ भरलेलं राहतं, सूर्य दिसत नाही, बुरबुर चालू राहते, पण चढ नसल्यामुळे त्या ढगातून मोठा पाऊस निघत नाही. आपल्या गावकऱ्यांची तक्रार तीच आहे: वाळत घातलेले कपडेही वाळत नाहीत आणि टाकीही भरत नाही.

तळटीप

+१. कपड्यांबद्दल विशेष +१.

निफाडी

आमचं सायखेड्याकडं शेत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शिवारात जेवढा पाऊस झाला त्याने नाला भरला नसता. तरी सायखेडा, चांदोरी पाण्यात. गंगापूरचं पाणी शहरातून आलं, दारणेचं दारणासांगवीवरून येऊन मिळालं, आणि खाली नांदूरमध्यमेश्वरला पाणी तुंबलं. दोन्ही नद्यांचा जीव घाटात. आम्ही पूर बघायचा तो आभाळाकडं बघून नाही, इगतपुरी आणि त्र्यंबकचे आकडे बघून. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ लाही नाशिकला गोदावरीने तेच केलं.

पण एक राहिलंच धाग्यात. आमच्या भागाला पाऊस मिळतो तो या घाटाच्या पावसातून नाही. जूनचे पहिले दोन-तीन गडगडाटी आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरचा. तो पूर्वेकडून येतो. द्राक्षवाल्याला विचारा, ऑक्टोबर छाटणीनंतर त्या पावसाने काय होतं ते. डाऊनी या बुरशीवरचे फवारे मारून मारून कंबरडं मोडतं.

मृगधारा

अगदी. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र जमिनीवरून पश्चिमेकडे सरकतं तेव्हा येवला, निफाड, सिन्नरला खरा पाऊस होतो. तिथे डोंगराचा फारसा संबंध नाही. पण अशी प्रणाली मध्य भारतावर असते तेव्हा तिच्या दक्षिणेला पश्चिमी वारा खेचला जातो आणि घाटाला जोर मिळतो. त्यातच दक्षिण गुजरात ते केरळ किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला की समजायचं, घाटमाथ्याचं काही खरं नाही. खात्याच्या बुलेटिनमध्ये हे वाक्य आलं की मी दारणेच्या काठच्या नातेवाइकांना फोन करते.

शंकासुर

बरं, दिशेचं पटलं. पण मग चेरापुंजी? तो डोंगर पूर्व-पश्चिम आहे!

मृगधारा

आणि तिथे वारा दक्षिणेकडून येतो, शंकासुर! बंगालच्या उपसागरावरचा वारा बांगलादेशच्या सपाट, पाण्याने भरलेल्या मैदानावरून सरळ उत्तरेला येतो आणि मेघालयाचा कडा एकदम हजार-बाराशे मीटर उभा राहतो. कड्यात खोल दऱ्या आहेत, त्यांत हवा शिरते, अरुंद होत जाते आणि वर फेकली जाते. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत चेरापुंजीला २६,४६१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तो बारा महिन्यांचा विक्रम अजून उभा आहे. आणि शिलाँग त्याच डोंगराच्या पलीकडे, रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. तिथे वर्षाला दोन हजारांच्या थोडं वर. इगतपुरी-नाशिकचीच जोडी, फक्त मोठ्या मापाची.

चोवीस तासांचा विक्रम हवा असेल तर हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाकडे जा. जानेवारी १९६६ मध्ये चक्रीवादळ आलं आणि ज्वालामुखीच्या उंच उतारावर एका दिवसात १,८२५ मिलिमीटर. नाशिकच्या अडीच वर्षांचा पाऊस. वादळाने वाफ आणि वारा आणला, डोंगराने त्याला एका जागी धरून ठेवलं. वादळ समुद्रावर असताना पाऊस त्याच्याबरोबर फिरतो. डोंगर हलत नाही, म्हणून त्याच उतारावर तासन् तास पडत राहतो. घाटातल्या मोठ्या पावसाचं मर्मही यातच आहे, आणि लोक उगाच प्रत्येक वेळी ढगफुटी म्हणतात. ढगफुटी म्हणजे छोट्या भागात तासाला १०० मिलिमीटर. आपल्या घाटात तासाला वीस-पंचवीस पडतो, पण बारा-बारा तास थांबत नाही.

पेठकरीण

सगळे पावसाचं कौतुक करताय म्हणून लिहिते. आमच्या पेठ-सुरगाण्यात २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आणि मार्च-एप्रिलमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात, झऱ्याच्या कडेला वाटीने पाणी भरतात. शहरातल्या लोकांना हे पटतच नाही, एवढा पाऊस आणि पाणी नाही कसं? ज्या डोंगरामुळे पाऊस पडतो त्याच डोंगराच्या उतारावरून तो निघूनही जातो. खाली काळा पाषाण, त्यात फटी असतील तेवढंच मुरणार. वर मातीचा थर वीतभर, झाडं कमी झालेली. दमणगंगा, पार, सगळ्या पश्चिमेला वळतात आणि दोन दिवसांत पाणी गुजरातेतून समुद्रात. त्यापेक्षा निफाडला ५००-६०० मिलिमीटर पडून विहिरी आणि कॅनॉल आहेत. पाऊस किती पडला हा आकडा आमच्या काही कामाचा नाही, थांबला किती ते सांगा.

पावशा

ताई, हे मूळ धाग्यातच यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. त्र्यंबकच्या डोंगरात तर पाणलोटाची रेघ इतकी बारीक आहे की एका उताराचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला आणि पलीकडच्या उताराचं वैतरणेतून अरबी समुद्राला. वैतरणेचं मुंबई पिते, गोदावरीचं पुढे जायकवाडीला जातं. पाणीवाटपाच्या भांडणावर वेगळा धागा निघेल, इथे नको. पण तुमचा अनुभव सविस्तर लिहा, सगळे वाचतील.

हिंडफिरी

धागा वाचून डोकं गरगरलं, पण मजा आली. प्रॅक्टिकल प्रश्न: येत्या रविवारी पहिने किंवा दुगारवाडीच्या धबधब्याला जायचा बेत आहे. या सगळ्या ज्ञानातून जावं की नाही हे कसं ठरवायचं?

पावशा

हवामानाच्या कुठल्याही नकाशाच्या साइटवर दीड किलोमीटर उंचीचा वारा उघडा, त्याला ८५० हेक्टोपास्कल म्हणतात. बाण पश्चिमेकडून सह्याद्रीवर आडवे येत असतील आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर असेल तर घाटात दिवसभर पाऊस नक्की धरा. किनाऱ्यालगतचा तो पट्टा बुलेटिनमध्ये असेल तर दुगारवाडी विसरा. तिथे तुम्ही दरीत असता आणि पाणी वरच्या पठारावरून येतं. तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही ओढा दहा मिनिटांत बदलतो आणि परतीची वाट पलीकडे राहते. पहिनेला रस्त्यावरून बघता येतं, ते बरं.

घोटीकर

पहिनेला या, पण गाड्या रस्त्याच्या कडंला वाकड्यातिकड्या लावू नका. मागच्या रविवारी रोपं भरलेला ट्रॅक्टर दीड तास अडकला आमचा. आवणीला बाया सकाळपासून चिखलात उभ्या होत्या रोपांची वाट बघत.